हिमोफिलियावाल्यांनी हिपॅटायटिस सी ची फुकट टेस्ट आणि औषधं कशी मिळवायची

लहानपणी क्रायो, प्लाझ्मा (रक्तातून काढलेले, रक्त गोठवणारे भाग) नाहीतर सरळ रक्तच चढवलंय असे आमच्यासारखे हिमोफिलियाचे, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याच्या आजाराचे, जुने पेशंट असाल तर ही टेस्ट एकदा तरी कराच, कारण दान केलेलं रक्त हिपॅटायटिस सी साठी तपासणं आपल्याकडे 2001-02 च्या सुमारास सक्तीचं झालं आणि हा व्हायरस वीस वीस वर्षं काही न दुखवता लिव्हरमध्ये बसून राहतो. व्हॉन विलेब्रांडवाले (रक्त न गोठण्याचाच दुसरा एक आजार) पण आले यात.

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 ला सुरू झाला, त्यात टेस्ट, गोळ्या सगळं फुकट, रेशनकार्ड पिवळं की केशरी काही प्रश्न नाही. रत्नागिरी, ओरोस, अलिबाग, जे सिव्हिल हॉस्पिटल जवळ पडेल तिथे हिपॅटायटिसची ओपीडी कुठल्या वारी ते आधी विचारून घ्या, उगाच एसटीची फेरी फुकट नको. सोबत आधार, मोबाईल, फॅक्टर लेव्हलचा (रक्त गोठवणाऱ्या घटकाच्या प्रमाणाचा) रिपोर्ट, जुनी डिस्चार्ज कार्डं आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी.

केसपेपरवर हिमोफिलिया लिहून घ्या आणि सुई टोचायच्या आधी तोंडाने पण सांगा. रक्त काढल्यावर बोटाने निदान पाच-दहा मिनिटं दाबून धरायचं, नुसता कापूस चिकटवून उठायचं नाही. हिपॅटायटिस बी ची लस दिली तर स्नायूत नको, बारीक सुईने कातडीखाली.

आता लोक अडकतात ते इथे. पहिली टेस्ट अँटिबॉडीची (व्हायरसशी लढायला शरीराने बनवलेल्या द्रव्याची), ती पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस कधीतरी येऊन गेला एवढंच, आत्ता आहे का ते व्हायरल लोडच (रक्तात व्हायरस किती आहे त्याची टेस्ट) सांगतो, तो झाल्याशिवाय घरी येऊन रडारड करू नका. लोड निघाला तर बहुतेकांना सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर या गोळ्या, 84 दिवस, आणि शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी परत लोड. तेव्हा निल आला की बरे झालात, अँटिबॉडी मात्र पुढेही पॉझिटिव्हच दाखवते, नवीन डॉक्टरला हे आधीच सांगून टाका. लिव्हर किती खराब झालंय ते प्लेटलेट आणि एसजीओटी या रक्ताच्या टेस्टवरून किंवा फायब्रोस्कॅनने (सुई न टोचता लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारं मशीन) कळतं, आपल्यासारख्यांनी बायॉप्सीच्या (सुईने लिव्हरचा तुकडा काढण्याच्या)  भानगडीत शक्यतो पडू नये.

त्याच रक्तात बी आणि एचआयव्ही पण बघून घ्या, सी च्या गोळ्या चालू असताना लपलेला बी उसळू शकतो. वाडीत कळेल ही भीती असते, मला पण होती, पण 2017 च्या एचआयव्ही कायद्याने तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीचा रिपोर्ट सहसा कोणाला सांगता येत नाही.

मुंबईला पाठवलंच तर रेल्वेचा सवलतीचा फॉर्म डॉक्टरकडून भरून घ्या, सिव्हिअर आणि मॉडरेट हिमोफिलियावाल्यांना उपचारासाठी जाताना स्लीपरला 75 टक्के सूट आहे, सोबतच्या एका माणसालाही.