सरळीकरण व यथादर्शन दुरुस्ती (संधिप्रकाशातील छायाचित्रण)

छायाचित्रातील कललेले क्षितिज समतल करणे आणि वर एकमेकींकडे झुकलेल्या उभ्या रेषा पुन्हा समांतर करणे, अशा या दोन जोडक्रिया आहेत. पहिलीत सबंध चित्र अंशा-दोन अंशांनी फिरवतात, दुसरीत त्याचा वरचा भाग रुंदीत ताणतात. दुसरी म्हणजे यथादर्शन दुरुस्ती; छायाचित्रकारांच्या बोलण्यात तिला ‘पर्स्पेक्टिव्ह करेक्शन’ म्हणतात.

उंच वास्तू चौकटीत बसवण्यासाठी कॅमेऱ्याचे तोंड वर केले की त्यातला चित्र टिपणारा संवेदक (सेन्सर) भिंतीला समांतर राहत नाही. वास्तूचा माथा पायथ्यापेक्षा लांब पडतो, म्हणून लहान उमटतो आणि इमारत मागे रेलल्यासारखी दिसते. रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड लेन्सने जवळून टिपल्यास हा दोष ठळक होतो. दिवेलागणीला तो अधिकच खुपतो, कारण निळ्या आभाळावर उजळलेल्या भिंतींच्या कडा कोरल्यासारख्या उठून दिसतात. विदर्भाच्या अक्षांशावर सूर्यास्तापासून सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा नागरी संधिप्रकाश सुमारे २२ ते २५ मिनिटे टिकतो. आभाळ आणि दिवे यांचा तोल त्यातल्या थोड्याच वेळात जमतो, त्यामुळे ट्रायपॉड समतल करण्याचे काम उजेड असतानाच उरकलेले बरे.

खरा प्रश्न कोणती रेषा प्रमाण मानायची हा आहे. शहरात काचेच्या इमारती कोणतीही कड उसनी देतात. विदर्भातल्या खेड्यांत तसे होत नाही. गढीचे बुरूज मुळातच वर निमुळते बांधलेले असतात, दीपमाळही तशीच. जुनी मातीची भिंत पावसाने झुकलेली असते आणि काळ्या मातीत रोवलेला विजेचा खांब क्वचितच ताठ असतो. स्वयंचलित दुरुस्ती या उतारांनाच दोष समजते आणि बुरुजाचा सरळसोट हौद करून टाकते. गवंड्याने ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) लावून उभे केलेले तेवढेच प्रमाण धरावे : दाराच्या चौकटी, दगडी खांब, नव्या घराच्या कॉलमच्या कडा. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरच्या छत्रीत खांब आहेत, तिथे काम सोपे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंडा येथील देवळात मात्र शिखराच्या वक्राकडे न पाहता द्वारशाखेवर (दाराच्या बाजूच्या उभ्या कोरीव पट्टीवर) रेष धरावी लागते.

क्षितिजाबाबतही असाच चकवा होतो. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून सरोवराचा काठ गोलाकार आहे. काठावरून तिरपे पाहिले तर पलीकडची पाण्याची रेषा कललेली दिसते, आणि ती कललेलीच राहिली पाहिजे. मार्कंड्याजवळ वैनगंगा वळते, तिथल्या तीराचेही तेच. अशा ठिकाणी पाण्याची रेषा सोडून वास्तूचा ओळंबा धरावा.

दोष मुळातच टाळता येतो. कॅमेरा समतल ठेवून लेन्सच वर सरकवण्याची सोय जुन्या मोठ्या फिल्म कॅमेऱ्यांत होती. ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी कॅननने १९७३ मध्ये टिल्ट (कलणे) व शिफ्ट (सरकणे) दोन्ही करणारी लेन्स आणली. ती महाग असल्याने बहुतेकांचे काम सॉफ्टवेअरवर चालते. लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) ‘अपराइट’ हे साधन आले. मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही यथादर्शनाचे साधन आहे. लेन्समुळे आलेला रेषांचा फुगवटा आधी काढावा, नाहीतर पुढची रेष कुठेही धरली तरी चुकते.

दुरुस्तीची किंमत मोजावी लागते. ३:२ प्रमाणाचे चित्र २ अंशांनी फिरवून त्याच प्रमाणात कापल्यास सुमारे १० टक्के क्षेत्रफळ जाते. वरचा भाग ताणल्याने तिथला तपशील विरळ होतो, अंधाऱ्या आभाळातले रवे मोठे दिसतात आणि कडेच्या दिव्यांचे गोल लांबट होतात. म्हणून आयएसओ (संवेदकाची प्रकाशग्रहणक्षमता) १०० च्या आसपास ठेवून ट्रायपॉडवर काही सेकंदांचे एक्सपोजर द्यावे आणि चहूबाजूंनी मोकळी जागा सोडून टिपावे. उंच वास्तू अगदी पायथ्यापासून टिपली असेल तर रेषा शंभर टक्के समांतर करू नयेत. डोळ्याला थोड्या निमुळतेपणाची सवय असते; तो पुरता पुसला की माथा पायथ्यापेक्षा रुंद भासू लागतो.