एकतर्फा हुकूमनामा

समन्स मिळूनही प्रतिवादी हजर झाला नाही, तर केवळ वादीची बाजू ऐकून दिवाणी न्यायालय जो हुकूमनामा (दाव्याचा औपचारिक निकाल) करते तो एकतर्फा हुकूमनामा. भारतात त्याचा मुख्य आधार दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 9 हा आहे.

सगळी भिस्त समन्सच्या बजावणीवर असते. प्रतिवादी घरी नसेल आणि लवकर परतण्यासारखा नसेल, तर बेलीफ (समन्स बजावणारा न्यायालयीन कर्मचारी) कुटुंबातील सज्ञान व्यक्तीकडे समन्स देऊ शकतो. नोकराच्या हाती दिलेले चालत नाही. संहितेच्या लेखी नोकर कुटुंबात मोडत नाही. समन्स नाकारले तर प्रत दारावर डकवून तसा अहवाल न्यायालयाला द्यायचा. नुसत्या ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ अशा शेऱ्यावर पुढे रेटलेला दावा बहुधा नंतर अंगाशी येतो.

बजावणी झाली, पुकारा झाला आणि कोणी उभे राहिले नाही, की दावा एकतर्फा चालवण्याचा आदेश होतो. हा हुकूमनामा नव्हे. पक्षकारांचा घोळ होतो तो इथेच: दावा एकतर्फा झाला, आता जिंकलोच, असे धरून वादी निर्धास्त होतो. प्रत्यक्षात त्याला सरतपासाचे (स्वतःच्या बाजूच्या मूळ साक्षीचे) शपथपत्र द्यावे लागते, दस्त शाबीत करावे लागतात. हातउसन्या रकमेचा दावा असेल तर वचनचिठ्ठी, बँकेचा खातेउतारा असे काही हवेच. दावा मुदतबाह्य असल्यास समोर कोणी नसतानाही तो फेटाळला जातो. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत मात्र गैरहजर प्रतिवादीविरुद्धच्या ठरावीक रकमेच्या दाव्यात, नियम 55 नुसार, न्यायालयाचा क्लार्कही निवाडा नोंदवू शकतो. आपल्याकडे तशी सोय नाही.

प्रतिवादीने लेखी कैफियतच, म्हणजे दाव्याला लेखी उत्तरच, दिली नाही, तर प्रकरण आदेश 8, नियम 10 मध्ये जाते. कैफियतीची मुदत 30 दिवस, वाढवून 90. व्यापारी दाव्यांत जास्तीत जास्त 120. तरीही कैफियत नाही म्हणून न्यायाधीशाने डोळे झाकून निकाल देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बलराज तनेजा प्रकरणात (1999) बजावले.

उशिरा जागा झालेला प्रतिवादी हुकूमनाम्याआधी आला तर आदेश 9 च्या नियम 7 खाली एकतर्फा आदेश रद्द करून मागू शकतो. ते जमले नाही तरी त्या टप्प्यापासून पुढे कामकाजात भाग घेण्याची, वादीच्या साक्षीदारांचा उलटतपास घेण्याची वाट त्याला मोकळी असते. हुकूमनामा झाल्यावर त्याच आदेशाचा नियम 13. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते किंवा हजर न राहण्यास पुरेसे कारण होते, यांपैकी एक गोष्ट पटवून द्यावी लागते. तारखेची माहिती आणि पुरेसा वेळ मिळाला असेल, तर बजावणीतील निव्वळ अनियमिततेचा फायदा मिळत नाही.

अर्जाची मुदत हुकूमनाम्यापासून 30 दिवस. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून 30. वर्तमानपत्रातील जाहीर समन्ससारखी पर्यायी बजावणी या हिशेबात रीतसर धरली जात नाही. म्हणून दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) जप्तीचे वॉरंट दारात आल्यावर प्रथमच दाव्याची वार्ता लागली, असे म्हणणारे अर्ज येत राहतात. त्यांतले काही खरेही असतात. कलम 96 खाली अपीलही करता येते, पण ते मागे घेण्याखेरीज अन्य कोणत्याही कारणाने निकाली निघाले की नियम 13 चे दार बंद होते.

असा हुकूमनामा रद्द करण्यापूर्वी वादीला नोटीस बजावणे नियम 14 ने सक्तीचे केले आहे. एकतर्फा झालेला हुकूमनामा एकतर्फा रद्द होत नाही.