'सिक्स्टी-टू' स्ट्रॅटचा रिइश्यू घेण्याआधी

'सिक्स्टी-टू रिइश्यू आहे का?' म्हणजे १९६२च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारची जुन्याबरहुकूम नवी प्रत आहे का, असं विचारत दुकानात येणाऱ्याला आम्ही आधी विचारतो, बासष्टच्या कटकटीही चालतील ना? रिइश्यूमध्ये जुन्या गिटारचं रूप तर येतंच, पण तिच्या अडचणीही मोजून-मापून पुन्हा केलेल्या असतात.

फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ची. १९६५मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली आणि त्याआधीच्या गिटारींना पुढे 'प्री-सीबीएस' म्हणून भाव चढला. १९८२मध्ये फेंडरनेच १९५७ आणि १९६२च्या मॉडेलचे रिइश्यू काढले. म्हणजे ते पहिले रिइश्यूही आता चाळिशीच्या पुढे गेलेत, आणि विकणारे त्यांनाही 'व्हिंटेज' म्हणतात. सत्तावन्नची नेक (मान) मेपलची, मागून किंचित धारदार. बासष्टची गोलसर, वर रोझवुडचा बोर्ड (बोटं दाबायची पट्टी). मूळचं लाकूड ब्राझीलचं; १९९२पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, म्हणून रिइश्यूवर अनेकदा भारतीय रोझवुड असतं. म्हणजे आपला शिसवच!

पहिली परीक्षा बेंडची, म्हणजे तार आडवी ओढून सूर चढवण्याची. बोर्डाच्या गोलाईची त्रिज्या इथे ७.२५ इंच, आजच्या बहुतेक फेंडरवर ९.५. आकडा लहान तितका बोर्ड फुगीर. कॉर्ड धरायला हात सुखावतो, पण पहिली तार चौदाव्या फ्रेटवर (पडद्यावर) पूर्ण सूर वर ओढून धरून बघा. अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) फार खाली असेल तर सूर घुसमटतो, कारण ओढलेली तार बोर्डाच्या मधल्या उंचवट्यावर पुढच्या फ्रेटला टेकते. अ‍ॅक्शन जरा वर घेतली की मोकळा होतो. दुकानदार 'सेटिंग करून देतो' म्हणाला तर सेटिंग झाल्यावर हीच तार पुन्हा ओढा आणि मगच पैसे द्या. दुकानदार आम्ही असलो तरी.

मग ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई). त्याचा स्क्रू हेडस्टॉकला (नेकच्या वरच्या टोकाला) नसतो, नेकच्या बुडाशी पिकगार्डला चिकटून असतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये सरळ असलेली नेक जुलैत तशीच राहील याचा भरवसा नाही. तारा सैल करा, नेकचे चार स्क्रू काढा, ट्रस रॉडला पाव फेरा द्या, सगळं परत बसवून ट्यून करा. नाही जमलं तर पुन्हा पहिल्यापासून. हे काम आमच्याकडे आणाल तर गिटार दिवसभर ठेवून जावी लागेल. घेतानाच सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी जाड कागद सरकेल एवढीच फट हवी.

वायरिंग जुनं असेल तर पिकअप (तारांचा कंप टिपणारी चुंबकं) निवडायचा स्विच तीन पोझिशनचा. दोन पिकअपचा मिसळलेला आवाज हवा तर तो अधेमधे अडकवून धरायचा. पाच पोझिशनचा स्विच फेंडरने १९७७मध्ये दिला. काही रिइश्यूंच्या केसमध्ये तो सुटा मिळतो. ब्रिज पिकअपला टोन नॉब नसतो. हम (घूं-घूं आवाज) होणारच, आणि घराचं अर्थिंग कच्चं असेल तर जास्तच.

फिनिश नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लॅकर) आहे का ते विचारून घ्या. नायट्रोने आवाज खुलतो असं सांगतात; आमच्या कानांना तो फरक कधी कळला नाही. रबराच्या स्टँडवर मात्र ठेवू नका. नायट्रोची रबराशी प्रक्रिया होऊन डाग पडतात, आणि ते पुसून जात नाहीत.

सेकंडहँड घेताना नेक प्लेटवरचा 'व्ही'ने सुरू होणारा नंबर पुरावा मानू नका. चार स्क्रू काढले की प्लेट दुसऱ्या गिटारवर जाते. नेक काढून बुडाशी असलेल्या तारखेचा फोटो मागा. केसमधलं सामानही मागा, विशेषतः ब्रिजवरचं क्रोमचं झाकण. वाजवणारे ते पहिल्याच दिवशी काढून ठेवतात (पूर्वी त्याचा अ‍ॅशट्रे व्हायचा), आणि विकायच्या वेळी घरभर शोधत बसतात.