दलाली (स्थावर मालमत्ता)

घर, दुकानाचा गाळा किंवा जमीन यांच्या खरेदी-विक्रीत वा भाड्याच्या व्यवहारात दोन बाजूंची गाठ घालून देणाऱ्या मध्यस्थाचा मोबदला म्हणजे दलाली. बोलताना ब्रोकरेज किंवा कमिशन. ‘दलाल’ या शब्दाला हलकेपणाचा वास चिकटल्यामुळे पाट्यांवर मात्र ‘इस्टेट एजंट’ नाहीतर ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ असेच रंगवलेले असते.

महाराष्ट्रात दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. तो रिवाजावर चालतो. मुंबई-पुण्यात विक्रीच्या व्यवहारात दोन्ही बाजूंकडून साधारण एक ते दोन टक्के आणि भाड्याच्या व्यवहारात घरमालक व भाडेकरू यांच्याकडून एकेका महिन्याचे भाडे असा प्रघात आहे. जीएसटीखाली नोंदलेला एजंट त्यावर १८ टक्के कर लावतो. घासाघीस होतेच. आकडा लहान दिसला तरी भाड्याची दलाली अधिक जड असते. एक कोटीच्या फ्लॅटवर एक टक्का म्हणजे एका बाजूचे एक लाख. तीस हजार भाड्याच्या घराला अकरा महिन्यांत ३,३०,००० रुपये पडतात, त्यावर दलाली ३०,०००, म्हणजे नऊ टक्के. आणि करार संपला की नूतनीकरणाच्या नावाने एजंटाचा फोन पुन्हा येतो.

या अकरा महिन्यांची गोष्ट गमतीची आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षागणिक चालणाऱ्या किंवा एका वर्षाहून मोठ्या मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून मुदत एक महिन्याने कमी ठेवण्याची चाल पडली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने लीव्ह अँड लायसन्सचा (भाडेपट्टा न करता घर फक्त वापरायला देण्याचा) प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. ती जबाबदारीही घरमालकावर टाकली. पळवाट बुजली, अकरा महिने राहिले. त्यांचा फायदा आता दलालालाच जास्त.

दलाली कोणी द्यायची, हा दराइतकाच वादाचा मुद्दा. जर्मनीत जून २०१५ पासून भाड्याच्या घरासाठी ज्याने दलाल नेमला त्यानेच पैसे द्यायचे असा नियम आहे. न्यूयॉर्क शहरात मालकाने नेमलेल्या दलालाचे पैसे भाडेकरूकडून घेण्याची जुनी पद्धत २०२५ मध्ये कायद्याने बंद झाली. आपल्याकडे एकच एजंट दोन्ही बाजूंचा असतो, दोघांकडून घेतो आणि दोघांनाही सांगतो की भाव मी तुमच्यासाठीच पाडला किंवा चढवला.

दलाली कधी पिकते? भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २१९ म्हणते की वेगळे ठरले नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय मोबदला देय होत नाही. कलम २२० नुसार गैरवर्तन केलेल्या कामाचा मोबदला प्रतिनिधीला, म्हणजे इथे दलालाला, मागता येत नाही. पण काम पूर्ण म्हणजे टोकन (इसाराची रक्कम), साठेखत (विक्रीचा करार) की खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त), याचे उत्तर लेखी ठरवलेले नसले की भांडण ठरलेले. इंग्लंडच्या ‘लक्सर विरुद्ध कूपर’ (१९४१) या खटल्यात ग्राहक आणूनही चित्रपटगृहांचा सौदा मालकाने मोडला. दलाली विक्री पूर्ण झाल्यावरच द्यायची ठरली असल्याने एजंटाला काहीच मिळाले नाही.

गावाकडच्या जमिनीत टक्केवारीऐवजी वेगळी रीत आढळते. एजंट मालकाला विचारतो, “तुमच्या हातात किती पाहिजेत?” तेवढी रक्कम मालकाची, वरची त्याची. मालकाला खरा भाव कळला नाही तर ही वरची रक्कम दलालीपेक्षा कितीतरी फुगते.

स्थावर संपदा कायद्याने (रेरा, २०१६) एजंटांना नोंदणी सक्तीची केली. विनानोंदणी काम केल्यास दिवसाला १०,००० रुपये, वाढत जाऊन मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होतो. महाराष्ट्रात २०२३ पासून एजंटाला प्रशिक्षण आणि परीक्षाही द्यावी लागते. मात्र ही नोंदणीची सक्ती रेरा-नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे. जुन्या सोसायटीतला फ्लॅट विकणारा, भाड्याच्या खोल्या दाखवणारा किंवा शेतजमिनीचा सौदा जुळवणारा मध्यस्थ तिच्याबाहेरच राहतो.