राइनोमॅनोमेट्री आणि १५० पास्कलचा वाद

नाकातून हवा किती मोकळी वाहते हे पाहायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाकाखाली थंड आरसा धरत आणि दोन नाकपुड्यांचे वाफेचे डाग ताडून पाहत. डाग श्वास सोडतानाचा, तर चोंदल्याची तक्रार बहुधा श्वास घेतानाची, ही त्यातली अडचण. पुढे हवेचा दाब आणि प्रवाह एकदम टिपणारी उपकरणे आली आणि त्यांवरून नाकाचा अडथळा मोजायची राइनोमॅनोमेट्री रुळली.

नेहमीच्या पद्धतीत एका नाकपुडीवर चिकटपट्टीने नळी हवाबंद बसवतात. त्या बाजूने हवा वाहत नसल्याने नळीला नाकाच्या मागचा दाब कळतो. वर मास्क, तोंड मिटलेले आणि श्वास दुसऱ्या नाकपुडीतून. मग बाजू बदलायची. पट्टी जरा ओढून लावली की नाकपुडी वाकडी होते आणि आकडा बिघडतो. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक असेल तर ही पद्धतच बाद.

खरा गुंता आकडा काढताना होतो. दाब दुप्पट केला म्हणून प्रवाह दुप्पट होत नाही. वेग वाढला की हवा खळबळते, दाब-प्रवाहाचा आलेख वाकतो आणि त्यावरच्या प्रत्येक बिंदूला रोध, म्हणजे दाब भागिले प्रवाह, वेगळा निघतो. मग दोन नाकांची तुलना कुठल्या बिंदूवर करायची? १९८४ साली मानकीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने १५० पास्कल ठरवले. त्या दाबाला सेकंदाला ३०० घन सेंटिमीटर हवा गेली तर रोध ०.५. हिशेब सुटसुटीत, म्हणून टिकला. पण १५० पास्कल म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर पाण्याचा दाब असला, तरी शांत बसलेल्या अनेक निरोगी माणसांचा श्वास तिथवर पोचत नाही. मग 'जरा जोरात घ्या' म्हणावे लागते, आणि मोजायचा होता तो नेहमीचा श्वास बाजूलाच राहतो. जपानने १०० पास्कल पसंत केले. काहींनी ७५ वर भागवले. स्वीडनमधून आलेली तोड वेगळी होती: आलेखावर वर्तुळ काढायचे आणि रेषा त्याला जिथे छेदेल तिथे मोजायचे. मला तीच जास्त रास्त वाटते, कारण त्यात जवळजवळ प्रत्येकाची रेषा सापडते. पण समजावायला अवघड, त्यामुळे मागे पडली.

त्यात भर म्हणजे दोन्ही नाकपुड्या आपोआप आलटूनपालटून मोकळ्या होतात. योगातल्या चंद्रनाडी-सूर्यनाडीमुळे आपल्याला यात नवल नाही. युरोपीय वैद्यकात त्याची नोंद १८९५ ची. हा फेर आणि कायमचा अडथळा वेगळे ओळखता यावेत म्हणून नाक मोकळे करणारे थेंब घालण्याआधी आणि नंतर, असे दोनदा मोजतात.

१९८९ मध्ये ध्वनिलहरींची पद्धत आली, पण ती पोकळीचा आकार सांगते, प्रवाह नाही. सीटी स्कॅनवरून संगणकावर प्रवाह काढण्याचे काम नव्वदच्या दशकापासून वाढले. अलीकडची चार टप्प्यांची राइनोमॅनोमेट्री एका बिंदूऐवजी श्वासाचा चढ-उतार पुरता धरते आणि रोधाचा लॉगरिदम घेते, कारण रुग्णाला जाणवणारी अडचण त्याच्याशी जास्त जुळते. ती जुळणीही पुरी नाही: मेंथॉल हुंगल्यावर नाक मोकळे वाटते, रोध मात्र होता तेवढाच भरतो.