पुस्तकांवरच्या गप्पा: संपादकाच्या टपालापासून धाग्यांपर्यंत

‘सध्या काय वाचताय?’ एवढाच प्रश्न शीर्षकात घालून कोणी धागा काढतो आणि त्यावर शेकड्यांनी प्रतिसाद येतात. कादंबरीवरून सुरू झालेले बोलणे तिच्या मुखपृष्ठावर, प्रकाशकाने लावलेल्या किमतीवर आणि मग शाळेतल्या एखाद्या मराठीच्या बाईंवर जाऊन पोहोचते. मराठी संकेतस्थळांवर वावरणाऱ्या कोणालाही हे दृश्य परिचयाचे आहे. या गप्पांचा इतिहास इंटरनेटच्या आगमनापासून मोजण्याची आपल्याला सवय लागली आहे. वाचकाने दुसऱ्या वाचकाला पुस्तकाविषयी काही सांगणे मात्र त्याहून पुष्कळ जुने आहे, आणि त्या जुन्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो: या बोलण्यातले काय चारचौघांपुढे जावे आणि काय जाऊ नये, हे ठरवणार कोण?

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्यानंतरच्या दोन दशकांत मराठी वृत्तपत्रांनी वाचकाला पहिल्यांदा एक जागा दिली, ती पत्रलेखकाची. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या सहीने येऊ लागलेली गोपाळ हरि देशमुखांची पत्रे शंभराच्या वर गेली. त्यांचा मुख्य विषय समाजाची दुरवस्था हा होता, पुस्तके हा नव्हे; पण टोपणनावाने, बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत आणि कोणाची भीडभाड न ठेवता संपादकाच्या टपालातून लोकांशी बोलता येते, हे त्या पत्रांनी दाखवून दिले. त्याच १८४८ साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली, जी आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखली जाते, आणि तिच्या उभारणीतही लोकहितवादींचा पुढाकार होता. पत्र आणि वाचनालय ही वाचकाची दोन्ही ठिकाणे अशी एकाच सुमारास आणि एकाच माणसाच्या हाताखाली आकाराला आली, हा योगायोग मला बोलका वाटतो.

वाचनालये त्यानंतर गावोगाव निघाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. ‘शांतता राखा’ ही पाटी आतल्या खोलीत असे, त्यामुळे गप्पा ओसरीवर, पायरीवर किंवा पुस्तक बदलण्याच्या खिडकीपाशी होत. या बोलण्याची नोंद कोणीच ठेवलेली नाही. वाचनालयांच्या जुन्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे तेवढे अधूनमधून सापडतात: कुठे ‘अगदी खरे!’, कुठे ‘लेखकास कोकण ठाऊक नाही’, आणि रहस्यकथेच्या पहिल्याच प्रकरणात खुन्याच्या नावाखाली ओढलेली ती दुष्ट रेघ. पुस्तके विद्रूप करण्याचे समर्थन कोणी करू नये, पण आजच्या प्रतिसादाचा सर्वांत जवळचा पूर्वज शोधायचा तर तो या समासांतच सापडेल. पुढचा वाचक त्या शेऱ्याखाली आपला शेरा लिही, आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन माणसांचे भांडण त्या पानावर कायमचे राहून जाई.

छापील चर्चेचा मार्ग मात्र निराळा होता. १८६७ मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकाने पुस्तकपरीक्षणाला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने त्याच कामाला धार आणली, आणि ती धार जोतीराव फुल्यांच्या लेखनावर चालली तेव्हा परीक्षण आणि उपहास यांच्यातली सीमा पुसली गेली. ११ मे १८७८ रोजी पुण्यात हिराबागेत न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांची पहिली सभा भरली. नावाप्रमाणेच ती ग्रंथकारांची होती. वाचकाला तिथे श्रोत्याखेरीज दुसरी भूमिका नव्हती. १८८५ साली दुसऱ्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा फुल्यांनी ते नाकारले. जे लोक सर्वांना माणुसकीचे हक्क देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा व पुस्तके मेळ खात नाहीत, असा त्यांच्या पत्राचा आशय होता, आणि त्यातला ‘घालमोड्या दादा’ हा शब्दप्रयोग आजही वादांत वापरला जातो. साहित्याविषयी कोणी बोलावे, या प्रश्नाला मराठीत इतक्या रोखठोकपणे हात घालणारे त्यापूर्वीचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकाने १८९० पासून वाचकाच्या गप्पांना एक नवे इंधन पुरवले, ते म्हणजे वाट पाहणे. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यात क्रमशः येत होती, तेव्हा यमूचे पुढे काय होणार हे कळायला आठवडा जावा लागे, आणि तो आठवडा तर्कवितर्कांनी भरून काढण्यापलीकडे वाचकाच्या हाती काही नसे. शिवाय त्या काळचे बरेचसे वाचन एकट्याचे नव्हते. चातुर्मासात पोथी जशी एकाने वाचायची आणि घरादाराने ऐकायची, तशीच कादंबरीही वाचली जाई, आणि अक्षरओळख नसलेल्या आजीलाही यमूच्या सासरविषयी ठाम मत असे. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला आणि वाचकांच्या गप्पांना वर्षाचा एक ठरलेला हंगाम मिळाला, जो अजून चालू आहे.

त्याच सुमारास, म्हणजे १९१० पासून, बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी तज्ज्ञाच्या साहाय्याने सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले, आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना जवळजवळ शंभर वर्षांनी पेटीचीच कल्पना घेऊन आली आणि दुबईसारख्या शहरांतल्या मराठी घरांतही पोहोचली. पेटी ज्यांच्या घरी येते ते एकमेकांना भेटतात आणि भेटले की बोलतात, एवढा साधा हिशेब दोन्ही ठिकाणी आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर संपादकाची चाळणी सर्वांत बारीक झाली. ‘सत्यकथा’ मासिकाच्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी लेखकांना पाठवलेली पत्रे हा मराठी साहित्यव्यवहाराचा एक मोठा ठेवा आहे, आणि ‘साभार परत’ हे दोन शब्द एका संपूर्ण पिढीच्या मनावर कोरले गेले. या चाळणीविरुद्धचा राग साठच्या दशकातील अनियतकालिकांतून बाहेर पडला. अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’ अशी ही छोटी प्रकाशने प्रस्थापित साहित्यावर अशा भाषेत तुटून पडली की आजच्या एखाद्या संकेतस्थळावर ते लेखन तसेच्या तसे चिकटवले तर कोणाला त्याचे वय कळणार नाही. त्या दशकाच्या अखेरीस राजा ढाले व त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. मासिक १९८२ मध्ये बंद पडले, तेव्हा हळहळणाऱ्यांत पूर्वी त्याच्यावर चिडलेले लोकही होते.

याच काळात वाचकालाच केंद्रस्थानी ठेवणारे तीन प्रयत्न झाले. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ हे मासिक सुरू केले. त्यात जयवंत दळवींनी ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची जी टिंगल केली, ती गंभीर समीक्षेहून अधिक आवडीने वाचली गेली, आणि ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या उपक्रमाने वाचकाचा कौल छापण्याजोगा मानला. औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाभोवती भरणाऱ्या मेळाव्यांना ‘लेखक-वाचक मेळावा’ म्हणत, आणि दलित साहित्यात काल वाचक असलेला तरुण उद्या लेखक होत असल्यामुळे ते नाव शब्दशः खरे होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यात दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या ‘ग्रंथाली’ने स्वतःला वाचक चळवळ म्हणवून घेतले, दया पवारांचे ‘बलुतं’ आणि लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ तिच्यामार्फत वाचकांपर्यंत गेले. वृत्तपत्रांत ‘महाराष्ट्र टाइम्स’चे ‘बहुतांची अंतरे’ आणि ‘लोकसत्ते’चे ‘लोकमानस’ ही सदरे होतीच. पत्र छापून आले की ते कात्रण पाकिटात घालून फिरणारे गृहस्थ आमच्या ओळखीत होते, पण अशा प्रत्येक कात्रणामागे न छापलेली किती पत्रे असतील, याचा हिशेब नाही.

खाजगी पत्रांना ही अडचण नव्हती. धारवाडला राहणारे आणि सभासंमेलनांपासून कटाक्षाने दूर असलेले जी. ए. कुलकर्णी पत्रांतून मात्र पुस्तकांविषयी भरभरून बोलत. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रांच्या खंडांत वाचनाविषयीचा जो मोकळा मजकूर आहे, तो त्यांनी छापण्यासाठी म्हणून लिहिला असता तर इतका मोकळा राहिला नसता.

१९९६ मध्ये अमेरिकेतून ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा दूरदेशी गेलेल्या मराठी माणसाची पहिली गरज बोलण्याची होती, आणि पुस्तके हा बोलण्याचा सोपा विषय होता, कारण सामानाच्या मर्यादेत बसवून प्रत्येकाने तीच दहाबारा पुस्तके नेलेली असत. सुरुवातीचे लेखन रोमन लिपीत चाले, त्यात ‘कला’ आणि ‘काळा’ सारखेच दिसत. युनिकोड स्थिरावल्यावर देवनागरी सोपी झाली; २००४ च्या ‘मनोगत’ने शुद्धलेखन तपासणारी सोयही दिली. २००७ मध्ये ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’, २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’ अशी स्थळे वाढत गेली. धागा, प्रतिसाद, अवांतर, नुसते वाचत राहणाऱ्यासाठी ‘रोमात’, भेटीगाठींसाठी ‘गटग’ किंवा ‘कट्टा’ ही परिभाषा वापरणाऱ्यांनीच घडवली. कोणत्याही कोशमंडळाला ती इतकी चटपटीत साधली नसती. टोपणनावे तर लोकहितवादींपासून आणि ठणठणपाळापासून चालत आलेली होतीच.

इथे ‘साभार परत’ उरले नाही, तरी चाळणी संपली असे म्हणता येणार नाही. छापण्यापूर्वी निवडणाऱ्या संपादकाच्या जागी प्रसिद्ध झाल्यावर ‘धागा उडवणारा’ व्यवस्थापक आला, आणि काही ठिकाणी त्याला संपादकच म्हणत. ‘ऐसी अक्षरे’ने तर हे काम वाचकांवरच सोपवले: प्रतिसादाला ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘रोचक’, ‘खोडसाळ’, ‘निरर्थक’ अशा श्रेणी सदस्यांनीच द्यायच्या. नेमाड्यांची ‘हिंदू’ ही कादंबरी २०१० मध्ये बाजारात आली, तेव्हा वृत्तपत्रांतल्या परीक्षणांना समांतर अशी चर्चा चालवायला यातली बरीच संकेतस्थळे आधीच तयार होती. त्या चर्चेत शंभर पानांनंतर पुस्तक खाली ठेवल्याचे मोकळेपणाने सांगणारेही होते, आणि अशी कबुली छापील परीक्षणात कधी वाचायला मिळत नाही.

पुढे बरीच वर्दळ फेसबुकवरच्या वाचनप्रेमींच्या समूहांकडे आणि व्हॉट्सॅपकडे वळली. फेसबुकवर कोणाला कोणता मजकूर दिसावा हे आता संगणकीय आज्ञावली ठरवते, आणि तिला ना पत्र पाठवता येते ना तिच्या अंकाची होळी करता येते. व्हॉट्सॅपवर निवडणारे कोणी नाही, पण साठवणारेही कोणी नाही. संकेतस्थळावरचा पंधरा वर्षांपूर्वीचा धागा शोधून वर काढता येतो, आणि ‘करमणुकी’चे जुने अंक एखाद्या ग्रंथालयात बांधून ठेवलेले मिळतात. समूहावर एखाद्या आत्मचरित्राविषयी रात्री बारापर्यंत रंगलेली चर्चा मात्र सकाळच्या सुप्रभातांखाली गाडली जाते, आणि तीन महिन्यांनी कोणी नवा सदस्य तोच प्रश्न विचारतो, तेव्हा जुने सदस्य तीच पुस्तके पुन्हा पहिल्यापासून सुचवू लागतात.