लाल सिग्नल हिरवा दिसेल का?

नागपूरच्या व्हेरायटी चौकात लाल सिग्नल तोडताना सापडलेला गाडीवाला हवालदाराला म्हणतो, "साहेब, वेगच इतका होता की डॉप्लर परिणामामुळे मला सिग्नल हिरवा दिसला." विज्ञानाच्या वर्गातला हा विनोद जुना आहे, पण त्यातलं गणित बिनचूक आहे. उगमाकडे आपण धाव घेतली की लहरी दाटीने येऊन भिडतात, तरंगलांबी कमी होते. लाल दिव्याची ६५० नॅनोमीटर तरंगलांबी हिरव्याच्या ५३० वर आणायची, तर सेकंदाला सुमारे ६०,००० किलोमीटर वेग हवा. म्हणजे दर सेकंदाला पृथ्वीला दीड प्रदक्षिणा! सीताबर्डीच्या गर्दीत तेवढं जमायचं नाही.

आवाजाचं मात्र सोपं आहे. ताशी १३० किलोमीटरने आलेली रेल्वे हॉर्न देत समोरून गेली, की तो स्वर जवळजवळ शुद्ध गंधारावरून षड्जावर उतरतो. कारण तिचा वेग ध्वनीच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याहून थोडा जास्तच असतो. प्रकाशाच्या तुलनेत तोच वेग ८३ लाखांतला एक भाग. इंजिनाच्या दिव्याचा रंग बदललेला कुणाला दिसणार?

ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली ही कल्पना मांडली ती ताऱ्यांच्या रंगांसाठीच. जोडताऱ्यांचे वेगवेगळे रंग त्यांच्या गतीमुळे दिसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. तत्त्व खरं, उदाहरण चुकीचं. एक तर ताऱ्यांचे वेग त्या मानाने फार कमी. शिवाय तारा एकाच रंगाचा प्रकाश देत नाही. तो आपल्याकडे येत असेल तर जांभळा प्रकाश अतिनील होऊन दिसेनासा होतो, पण न दिसणारा अवरक्त प्रकाश सरकून लाल होतो. जागा भरून निघते, एकूण रंग जवळपास तोच राहतो.

मग गती कळते कशी? १८४८ साली फ्रान्सच्या फिझो यांनी सुचवलं की रंग बघू नका, वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश फाकवल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातल्या, काळ्या रेषा बघा. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषेची जागा ठरलेली असते, ती किती हलली ते मोजता येतं. शहराचे दिवे मागे टाकून रामटेकच्या बाजूला गेलात, तर नोव्हेंबरच्या काळोख्या रात्री देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी फिकट ठिपक्यासारखी दिसते. ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे. तिच्या प्रकाशातली हायड्रोजनची लाल भागातली ६५६.३ नॅनोमीटरची रेषा त्यामुळे ६५५.६ च्या आसपास सापडते. डोळ्याला दोन्ही लालच, वर्णपटमापकाला मात्र हा फरक सहज कळतो.